अँटिबायोटिक कधी, कोणती, किती दिवस? (नाशिककरांसाठी धागा)

दुपारची_ओपीडी · सोमवार, रात्री ९.४०

निफाडचा पारा एक आकडी झाला की शहरातल्या मेडिकलांवर एकच वाक्य ऐकू येतं: "घसा धरलाय, तीन दिवसांची अझी (अझिथ्रोमायसिन) द्या." पावसाळ्यात तेच वाक्य जुलाबांसाठी असतं, फक्त गोळीचं नाव बदलतं. म्हणून हा धागा. गोळीचं नाव लिहिताना आतल्या घटकाचं लिहा, कंपनीचं नको. लहान मुलाबद्दल विचारायचं असेल तर वजन सांगा, वय नुसतं उपयोगाचं नाही.

आधी कुठे लागत नाही ते सांगतो. सर्दी, फ्लू, बहुतेक घसादुखी, छातीत कफ वाजणारा साधा ब्राँकायटिस, डेंगी, चिकुनगुनिया आणि बहुतेक पाण्यासारखे जुलाब. पेनिसिलीन जिवाणूच्या भिंतीची वीट बसू देत नाही, अझिथ्रोमायसिन त्याचा प्रथिनांचा कारखाना थांबवतं. विषाणूला भिंत नाही आणि स्वतःचा कारखानाही नाही. मग गोळी मारणार कोणाला? आपल्या आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंना. त्यातून जुलाब, आणि तोंड येणं.

बेडका पिवळा-हिरवा झाला म्हणजे जंतू वाढले, हा समज काही केल्या जात नाही. तो रंग पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तसाच दिसतो. खोकला तर दोन-तीन आठवडे रेंगाळतोच. चौथ्या दिवशी गोळी घेतली आणि सातव्या दिवशी बरं वाटलं, यात गोळीचं श्रेय किती ते तुम्हीच ठरवा.

घशापुरत्या चार खुणा बघायच्या: ३८ अंशांवर ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके किंवा पू, मानेत पुढच्या बाजूला दुखरी गाठ, आणि खोकला नसणं. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर जवळजवळ नक्की विषाणू. तीन-चार खुणा जुळल्या, त्यातही ५ ते १५ वयात, तर स्ट्रेप्टोकॉकस (स्ट्रेप) या जिवाणूचा संशय घ्यायचा. तिथे औषध पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलिन, पूर्ण १० दिवस. अझिथ्रोमायसिन हे पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्यांसाठी. हे १० दिवस घशासाठी नसतात, घसा तिसऱ्या दिवशीच बरा वाटतो. ते संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ नयेत म्हणून असतात.

---

शंकेखोर_सिडको · रात्री १०.०५

आणि सायनस? दोन दिवस नाक चोंदलं की कपाळ फुटतं राव. तिथे तरी घ्यायची ना?

---

दुपारची_ओपीडी · रात्री १०.२०

दोन दिवसांत नाही. तीनपैकी एक गोष्ट हवी. १० दिवस होऊनही काडीचा फरक नाही. किंवा सुरुवातीपासूनच ३९ अंश ताप, घट्ट पिवळा शेंबूड आणि चेहरा दुखणं सलग तीन-चार दिवस. किंवा बरं वाटायला लागल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी आजार पुन्हा उलटणं. तोवर मिठाच्या पाण्याने नाक धुणं, वाफ आणि पॅरासिटामॉल.

दातदुखीचंही तसंच. नस सुजली असेल तर गोळीने ठणका जात नाही, दात उघडावा लागतो. चेहरा सुजला, तोंड उघडेना, ताप आला, की मग अँटिबायोटिक. छोटं गळू नीट फोडून पू काढला की बहुधा तेवढं पुरतं. पुवाच्या पिशवीत रक्तपुरवठाच नसतो, औषध आत पोचणार कसं?

आणि गजकर्णाला मेडिकलमधून जे 'चार औषधांचं' मलम मिळतं, त्यात अँटिबायोटिक, बुरशीनाशक आणि कडक स्टिरॉइड एकत्र असतं. गजकर्ण ही बुरशी. अँटिबायोटिक फुकट, स्टिरॉइडने खाज दोन दिवस थांबते आणि चट्टा कमरेवरून मांडीवर उतरतो.

---

मेनरोडचा_फार्मासिस्ट · रात्री १०.५०

काउंटरच्या अलीकडून लिहितो. स्ट्रिपच्या मागच्या बाजूला डावीकडे उभी लाल रेघ असते, ती बघा. २०१६ पासून सरकार तिचा प्रचार करतंय: लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय नाही. त्याहून कडक यादी शेड्यूल एच-१. मार्च २०१४ पासून लागू आहे, तेव्हा त्यात ४६ औषधं होती. सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम, टीबीची औषधं, सगळी तिथेच. ही विकताना वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव-पत्ता, औषध आणि नग लिहावे लागतात आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. तेव्हा नाव विचारलं तर चिडू नका. न विचारता सेफिक्झिम देणाऱ्या दुकानाबद्दल चिडा.

गोळी घेऊन निघण्याआधी तीन गोष्टी विचारा: जेवणाआधी की नंतर, किती तासांनी, आणि कोणत्या दिवशी थांबायचं. तिसरी कोणीच विचारत नाही. स्ट्रिप १० ची आणि कोर्स पाच दिवस दोन वेळा, तर हिशेब जुळतो. पण ६२५ (अमॉक्सिसिलिन ५०० + क्लॅव्ह्युलॅनिक १२५) दिवसातून तीनदा लिहिली असेल तर पाच दिवसांना १५ गोळ्या लागतात आणि १० घेऊन माणूस घरी जातो. तिसऱ्या दिवशी रात्री एक गोळी उरते, चौथ्या दिवशी सगळं आठवतं.

---

बालरोग_नाशिकरोड · मंगळवार, सकाळी ७.१५

गोळीपेक्षा सिरपमध्ये जास्त गोंधळ होतो, तो सविस्तर लिहिते.

१२ किलोचं मूल धरा. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन दर किलोला दिवसाला ४५ मिग्रॅ, दोन भागांत, असं ठरवलं. १२ × ४५ = ५४०, म्हणजे एका वेळी २७० मिग्रॅ. '२२८' लिहिलेल्या क्लॅव्हच्या बाटलीत ५ मिलीला अमॉक्सिसिलिन फक्त २०० असतं, उरलेलं २८.५ क्लॅव्ह्युलॅनिक. तर एका वेळी पावणेसात मिली, दिवसाला साडेतेरा. ३० मिलीची बाटली तिसऱ्या दिवशी सकाळीच संपते. पाच दिवसांना ६७.५ मिली, म्हणजे तीन बाटल्या. घरात एकच आणलेली असते आणि 'औषध संपलं' म्हणजे 'कोर्स संपला' असं धरलं जातं.

'४५७' च्या बाटलीत ५ मिलीला ४०० असतं. तिथे एका वेळी साधारण ३.४ मिली. आता दुसरी बाटली आणताना दुकानात २२८ नव्हती, ४५७ दिली, आणि घरी मात्र पावणेसात मिलीच चालू राहिले, तर डोस दुप्पट झाला. पोरगं जुलाबांनी बेजार. नवी बाटली उघडण्याआधी खोक्यावरचा आकडा जुन्या खोक्याशी ताडून बघा.

पावडर कालवण्याची पद्धत: बाटली उलटीसुलटी हलवून तळाची पावडर आधी मोकळी करा. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं (किंवा खोक्यात कुपी असेल तर ती). अर्धं घाला, झाकण लावून जोरात हलवा. फेस खाली बसू द्या. मग खुणेच्या रेघेपर्यंत भरा आणि पुन्हा हलवा. फेस बसायच्या आत रेघ गाठली की पाणी कमी पडतं आणि औषध घट्ट होतं. कोमट पाण्याने क्लॅव्ह्युलॅनिक खराब होतं. कालवलेलं क्लॅव्ह फ्रिजमध्ये, सात दिवसच. फ्रीजरमध्ये नको, दारातही नको, दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. अझिथ्रोमायसिनसारखी काही सिरपं फ्रिजबाहेर चालतात, खोका वाचा. दुसरी बाटली पहिली संपल्यावरच कालवा.

घरातला चमचा वापरू नका. आमटीचा, चहाचा, खिरीचा, प्रत्येकात वेगळं मावतं. बिनसुईची ५ किंवा १० मिलीची सिरिंज पाच-दहा रुपयांना मिळते. गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं, घशात पिचकारी मारायची नाही.

---

शंकेखोर_सिडको · सकाळी ८.०२

ताई, मुलाला न्यूमोनिया झालाय की नुसता खोकला, हे घरी कसं कळणार? दर वेळी दवाखाना परवडत नाही लोकांना.

---

बालरोग_नाशिकरोड · सकाळी ८.३०

श्वास मोजा. मूल शांत असताना, झोपेत असेल तर उत्तम, पोटावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर ताबडतोब डॉक्टर. श्वास घेताना छातीखाली खळगा पडत असेल, पाणी पिईना, ओठ निळसर, तर मोजत बसू नका. १०८ लावा.

जुलाबांना ओआरएस आणि झिंक. झिंक सहा महिन्यांपुढे रोज २० मिग्रॅ, त्याआधी १०, चौदा दिवस. ओआरएसची मोठी पुडी एक लिटरला, छोटी २०० मिलीला. मोठ्या पुडीतली अंदाजे चिमूट पेल्यात टाकून चव घ्यायची पद्धत बंद करा, मिठाचं प्रमाण चुकतं. अँटिबायोटिक शौचात रक्त असेल तर, किंवा पटकीचा संशय असेल तर.

---

आगर_प्लेट · सकाळी ११.४५

लॅबच्या टेबलावरून चार गोष्टी.

एक. 'उन्हाळी लागली' म्हणून धने-जिऱ्याचं पाणी पितात, ते पिऊ द्या. पण सतत जळजळ, थेंब थेंब, वास, तर लघवीचा कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पहिल्या गोळीच्या आधी. धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार निर्जंतुक डबीत. डबीच्या आत बोट नको. दोन तासांत लॅबमध्ये, नाहीतर फ्रिजमध्ये. सकाळी घेतलेली डबी दुपारी चारपर्यंत स्कूटरच्या डिकीत फिरली की त्यात जंतूंचं लग्नच लागलेलं असतं. रिपोर्ट येतो 'मिश्र वाढ', आणि पैसे वाया.

दोन. रिपोर्टमध्ये औषधापुढे एस (लागू पडतं), आय (मधलं), आर (लागू पडत नाही) आणि एक आकडा (जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं प्रमाण) असतो. बऱ्याच जणांची समजूत अशी की ज्याचा आकडा सर्वांत लहान ते औषध सर्वांत जालीम. तसं नाही. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी. एका औषधाचा ०.५ आणि दुसऱ्याचा १६ दोन्ही 'एस' असू शकतात आणि दुसरंच रुग्णाला योग्य असू शकतं. साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमची एकच पुडी पुरते. मेरोपेनेम 'एस' आलंय म्हणून ते मागायचं नसतं.

तीन. तक्रार काहीच नाही, तपासणीत कल्चर वाढला, तर औषध नको. अपवाद गरोदर बाई, आणि लघवीमार्गात शस्त्रक्रिया होणार असलेला माणूस.

चार. विडाल, म्हणजे टायफॉइडसाठी करतात ती रक्ततपासणी. १:८० आलं की 'टायफॉइड' म्हणून सलाइन लागतं. तेवढी पातळी आपल्याकडे धडधाकट माणसातही सापडते, जुना संसर्ग किंवा लस यामुळेही. टायफॉइड ठरवायचा तर पहिल्या आठवड्यात रक्ताचा कल्चर, तोही औषधाआधी. मोठ्या माणसाला एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं. दोन मिली टाकून 'वाढ नाही' असा रिपोर्ट घेण्यात अर्थ नाही.

---

दुपारची_ओपीडी · दुपारी १.१०

+१. टायफॉइडला एक जोड: योग्य औषध चालू होऊनही ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून डॉक्टर बदलतात, तिसरा औषध बदलतो आणि मग कशानं काय झालं ते कळत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन टायफॉइडला आपल्याकडे आता बहुतेक वेळा चालत नाही.

नायट्रोफ्युरँटॉइनबद्दल: जेवणासोबत घ्या, लघवी तपकिरी होते, घाबरू नका. ते मूत्रपिंडाच्या मांसात पुरेसं पोचत नाही. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. क्रिएटिनिन वाढलेल्या (म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेल्या) ज्येष्ठांना ते चालत नाही.

इगतपुरी-त्र्यंबककडच्या भातलावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूमुळे येणारा ताप) विचार हवा. तिथे डॉक्सिसायक्लिन स्वस्त आणि चांगलं. म्हणजे 'ताप आहे, अँटिबायोटिक नको' हेसुद्धा आंधळेपणाने म्हणायचं नाही.

---

मेनरोडचा_फार्मासिस्ट · दुपारी २.३०

कोर्स 'पूर्ण' करण्यावरून वाद होणार, आधीच लिहून टाकतो. मी तरी 'कोर्स पूर्ण करा' हेच सांगतो.

---

आगर_प्लेट · दुपारी ३.००

किती दिवसांचा पूर्ण, हा प्रश्न आहे. औषध लवकर थांबवलं म्हणून जंतू दणकट होतात, हे सरसकट खरं नाही. औषध जितके दिवस जास्त, तितके आतड्यातले बाकीचे जंतू जास्त दिवस निवडले जातात. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर चर्चा झाली होती. घरी बऱ्या होणाऱ्या न्यूमोनियाला आता पाच दिवस पुरतात, त्वचेच्या साध्या संसर्गाला पाच-सहा. पूर्वी सात-दहा-चौदा लिहायचे.

---

दुपारची_ओपीडी · दुपारी ३.२५

दोघांचं बरोबर आहे, पण रुग्णाने यातून 'बरं वाटलं की थांबवू' असं काढू नये. स्ट्रेपच्या घशाला १०, टीबीला सहा महिने, हाडाच्या संसर्गाला आठवडे. दिवस डॉक्टर ठरवतो, मधे थांबायचं असेल तर फोन करून विचारायचं. डोस चुकला तर आठवल्यावर घ्या. पुढच्याची वेळ आलीच असेल तर चुकलेला सोडा, दोन एकदम नाही.

लिव्होफ्लॉक्सासिनबद्दल वेगळं सांगतो. ते टीबीच्या जंतूवरही काम करतं. दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरलंय, अशा माणसाला ते दिलं की आठवडाभर बरं वाटतं, थुंकीत जंतू दिसेनासे होतात आणि निदान महिनाभर लांबतं. आधी थुंकीची तपासणी, सरकारी दवाखान्यात फुकट होते. शिवाय लिव्होफ्लॉक्सासिन-सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटाने टाचेमागची शीर दुखू लागली तर गोळी त्याच दिवशी बंद करून फोन. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांची साखर अचानक उतरते.

---

मेनरोडचा_फार्मासिस्ट · संध्याकाळी ६.४०

खाण्यापिण्याचं. सिप्रो-लिव्हो दूध, दही, लोह, कॅल्शियम, ॲसिडिटीचं पातळ औषध यांच्याबरोबर घेतलं की पोटातच बांधलं जातं आणि शौचावाटे जातं. आधी दोन तास किंवा नंतर सहा तास अंतर ठेवा. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्यासोबत, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्री झोपताना घोटभर पाण्याने घेतली की गोळी अन्ननलिकेत चिकटते आणि छातीत आग पडते. या गोळीवर ऊन बाधतं, द्राक्षबागेत दिवसभर काम करणाऱ्यांनी पूर्ण बाह्या आणि टोपी वापरावी. ६२५ जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर.

'अँटिबायोटिक आहे म्हणून गॅसची गोळी' दर वेळी लागत नाही. सेफपोडॉक्झिम आणि सेफ्युरॉक्झिमला आम्ल लागतं, त्यांच्यासोबत पँटोप्राझोल घेतलं की शोषण कमी होतं.

मेट्रोनिडॅझोल चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू नाही. वाइनही दारूच आहे, नाशिकमध्ये हे मुद्दाम सांगावं लागतं.

रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर मेट्रोनिडॅझोल किंवा कोट्रायमोक्झॅझोलने रक्तस्राव वाढतो. जुनी चिठ्ठी सोबत आणा.

---

शंकेखोर_सिडको · रात्री ८.१०

पेनिसिलीनची ॲलर्जी लहानपणी झाली होती असं घरोघरी ऐकतो. ती आयुष्यभर धरून चालायची का?

---

बालरोग_नाशिकरोड · रात्री ८.४५

अशी ॲलर्जी सांगणाऱ्या बहुतेकांना तपासल्यावर ती निघत नाही. उलटी, जुलाब म्हणजे ॲलर्जी नाही. विषाणूच्या तापात उठलेलं पुरळही गोळीच्या माथी मारलं जातं. पण घरी प्रयोग करायचा नाही. फाइलच्या पहिल्या पानावर लिहा: औषधाचं नाव, घेतल्यावर किती वेळात, नेमकं काय झालं. तासाभरात गांध्या उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, तर ती खरी आणि धोक्याची. अशी घटना किंवा दुसरा कुठलाही दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ वर कळवता येतो, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी ही राष्ट्रीय फुकट हेल्पलाइन आहे, रुग्णही करू शकतो.

---

डाळिंब_सटाणा · रात्री ९.३०

माणसांचं झालं, आता बागेचं. डाळिंबाचा तेल्या जिवाणूमुळे, झँथोमोनासमुळे होतो. त्यावर फवारलं जाणारं स्ट्रेप्टोसायक्लीन म्हणजे ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि १० टक्के टेट्रासायक्लीन. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीचं जुनं औषध. शेतीतला हा वापर बंद करण्याचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये काढला. सरसकट पंप भरणाऱ्यांनी निदान हे बघावं: द्राक्षावरची डावणी आणि भुरी जिवाणूमुळे होत नाहीत. तिथे ही पुडी टाकीत टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

तेल्याला आधी झाड स्वच्छ करा. डागाच्या दोन इंच खालून फांदी छाटा, छाटणीचा कचरा बागेबाहेर नेऊन जाळा, कात्री प्रत्येक झाडानंतर हायपोक्लोराइटमध्ये बुडवा. एक टक्का बोर्डो (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, १०० लिटर पाणी). मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेली फुलं-फळं) पावसात सापडतो, तिथे तेल्या जोर करतो. हस्त बहार (पावसाळा सरताना) धरला की निम्मी डोकेदुखी कमी.

गोठ्यात दगडी (कासेची सूज) झालेल्या गाईच्या सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली की ट्यूबवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत दूध डेअरीला घालू नका, वासरालाही पाजू नका. त्या दुधाला विरजण लागत नाही, त्यावरून ओळखतातच लोक.

---

शंकेखोर_सिडको · रात्री १०.१५

शेवटचं. डब्यात उरलेल्या चार-दोन गोळ्यांचं काय? मोरीत?

---

मेनरोडचा_फार्मासिस्ट · रात्री १०.३५

मोरीत, संडासात, गोदेत, कुठेच नाही. पुढच्या वेळेसाठी ठेवायच्या नाहीत आणि शेजारच्यांना द्यायच्या नाहीत, त्यांचा आजार तोच असेल कशावरून? मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. घंटागाडीला ओल्या-सुक्यात मिसळून न देता कागदात वेगळी गुंडाळून, वर 'औषधं' लिहून द्या. सिरप उरलं असेल तर बाटलीतच राहू द्या, झाकण घट्ट लावून. स्ट्रिप कात्रीने कापा, म्हणजे कोणी उचलून पुन्हा विकणार नाही.